दोर सोडल्याचा खटला

शके १९४०, विलंबीनाम संवत्सरे, मार्गशीर्षाच्या शुद्ध पक्षात, सोलापूर शहरी, होटगी रस्त्यावरील एका गृहनिर्माण संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, दुपारी साडेचारच्या सुमारास, मी नरहर बोरामणीकर, जिल्हा न्यायालयाचा निवृत्त भाषांतरकार, वेताळगडाच्या बालेकिल्ल्याखाली एका दोराला लोंबकळत होतो.

माझ्या खाली मंगळवेढ्याचे इस्माईल तांबोळी लोंबकळत होते. त्यांच्याही खाली लातूरच्या निवृत्त मुख्याध्यापिका कुमुदिनी हिप्परगेकर होत्या. आम्ही सारे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत असू. वर बुरुजाच्या कडेशी, मावळतीच्या उन्हात, बिजली दोराला गाठी मारत होता. निदान मारत असायला हवा होता.

टॅबलेटच्या पडद्यावर अक्षरे उमटली : ‘बिजली मोहीम सोडून गेली.’

दोर सुटला. आम्ही तिघेही खंदकात पडलो.

‘पडलो बुवा,’ तांबोळींनी लिहिले. ‘बाई, लागलं नाही ना?’

‘मला सवय झाली आहे,’ बाईंनी लिहिले. ‘चष्मा शाबूत आहे.’

मी लिहिले, ‘हा प्रकार आता सहन होणे नाही. सदर इसमाने याच पंधरवड्यात तिसऱ्यांदा दोर सोडला आहे. मंडळाच्या नियमावलीतील सातव्या कलमाची अंमलबजावणी व्हावी.’

‘सातवं कुठलं ओ साहेब? मी पाचव्याच्या पुढं वाचलंच नाही. झोप लागली.’

‘सातवे कलम हकालपट्टीचे आहे,’ मी लिहिले, आणि टॅबलेट पालथा ठेवला.

त्या खेळाचे नाव ‘गडकोट’. आता तो बंद पडला आहे आणि तो खेळणारी माणसेही पांगली आहेत, म्हणून त्याची रीत सांगितली पाहिजे. चौघांनी मिळून गड घ्यायचा. आधी खंदक, मग माची, मग बालेकिल्ला. तांबोळी सुरुंग लावीत, बाई जखमींवर उपचार करीत, आणि मी अमात्य या नावाने साऱ्यांची तजवीज पाहत असे. बालेकिल्ल्याच्या कड्यावर मात्र एकट्या बिजलीने दोर घेऊन चढायचे, आणि वर गाठी पक्क्या होईपर्यंत बाकीच्यांनी दोराला धरून स्वस्थ राहायचे. त्या वेळी खालच्या माणसाने पडद्याला बोट जरी लावले तरी दोर हेलकावे खाई. म्हणून आम्ही हात मागे घेत असू. सबंध मोहिमेत माझे हात मोकळे असण्याची ती एकच घटका. तेवढ्यात तांबोळी आपल्या झेरॉक्सच्या दुकानातले गिऱ्हाईक पाहून घेत, बाई कानातले यंत्र नीट बसवीत, आणि मी चहा सांगत असे.

बाईंना ऐकू कमी येई आणि तांबोळींच्या दुकानात यंत्राची घरघर चाले, म्हणून आमचा सारा व्यवहार लेखी होता. मला तो मानवला. चाळीस वर्षे मी फिर्यादी आणि कैफियती एका भाषेतून दुसरीत नेल्या होत्या. वाक्य उभे कसे करावे आणि टेकवावे कोठे, एवढीच विद्या माझ्यापाशी होती. आम्हा चौघांच्या या मंडळात येताच मी त्याची नियमावली रचली. कोणी मागितली नव्हती, परंतु कोणी हरकतही घेतली नाही.

माझी सून शर्वरी चहा घेऊन आली. कपाशेजारी बशीत रक्तदाबाची गोळी होती.

“पडलात वाटतं, बाबा?”

“कशावरून म्हणतेस?”

“चेहऱ्यावरून.”

“एक टोणगा आहे आमच्यात,” मी म्हणालो. “ऐन वेळी दोर सोडून जातो. आपल्या हातातल्या दोराला तीन माणसे लटकली आहेत, याचे त्याला काही नाही.”

तिने खिडकीचा पडदा जरा ओढून घेतला. ऊन माझ्या डोळ्यांवर येत होते. “एखाद्याला काम निघत असेल.”

“असे कोणते काम?”

“असतात लोकांना कामं,” ती म्हणाली आणि गेली.

आमचे बोलणे एवढेच होई, आणि त्या दिवशी ते नेहमीपेक्षा लांबले होते. कुसुमला, म्हणजे माझ्या पत्नीला, जाऊन तेव्हा दोन वर्षे होत आली होती. मुलगा हृषीकेश सूतगिरणीत अभियंता. सकाळी आठला जाई तो दिवेलागणीनंतर परते. मधला सारा दिवस घरात मी आणि सून. ती बार्शीची. लग्नाआधी पुण्यात एका कचेरीत हिशेब पाहत होती. माझ्या छातीवर शस्त्रक्रिया झाली, मागोमाग कुसुम गेली, आणि शर्वरी नोकरी सोडून घरी राहिली. मी तिला राहा म्हटले नाही. राहू नको, असेही म्हटले नाही. कुसुम होती तोवर आम्हा दोघांचे बोलणे तिच्यामार्फत चाले, हे ती गेल्यावर कळले. नंतर भिंतीच्या एका बाजूस मी आणि दुसऱ्या बाजूस ती, असे दिवस जाऊ लागले. तो खेळ टॅबलेटवर घालून दिला होता तो मात्र तिनेच. “गडकिल्ले आहेत, बाबा, तुम्हाला आवडेल,” म्हणाली. शुद्ध लिहिणारी माणसे कोठे आहेत तेही तिनेच शोधून दाखवले आणि मग त्या विषयावर पुन्हा काही विचारले नाही.

बिजलीविषयी मला एवढा राग का आला, हे सांगायचे राहिले. मोहिमेपूर्वी सारे जमेपर्यंत खेळातल्या चावडीवर बसायचे असे, आणि आम्ही दोघे नेहमी आधी येत असू. तो स्वतःविषयी ‘बिजली आली’, ‘बिजली तयार’ असे लिही. चढण्याची चपळाई पाहून मी त्याला कॉलेजातला एखादा मुलगा धरून चाललो होतो. त्या चावडीवर मी त्याच्याशी जेवढे बोललो तेवढे कुसुम गेल्यापासून कोणाशीही बोललो नव्हतो. तिला शेंगाची चटणी कशी लागे हे सांगितले. शस्त्रक्रियेच्या आदल्या सायंकाळी मला कशाची भीती वाटली होती, तेही सांगितले. एकदा त्याने विचारले, ‘अमात्य, घरी कोण कोण असतं?’

‘मुलगा व सून.’

‘सून कशी आहे?’

‘गुणी आहे. परंतु अबोल आहे. आमचे बोलणे होत नाही.’

‘तुम्हीच बोलून बघा की.’

‘विषय सापडत नाही,’ मी लिहिले होते.

ज्याच्यापाशी इतके मोकळे व्हावे, त्यानेच दोर सोडावा. एरवी मी पडण्याचे एवढे मनावर घेतले नसते.

सुनावणी दुसऱ्या दिवशी चावडीवर झाली. बाई अध्यक्षस्थानी होत्या. मी आरोप सविस्तर मांडला. हजर राहणे हा उपकार नसून तो करार आहे. चौघांच्या कामात एकाने निघून जाणे म्हणजे उरलेल्या तिघांचा वेळ त्यांना न विचारता खर्च करणे होय. खुद्द खेळही अशा माणसास काही काळ दाराबाहेर ठेवतो, मग मंडळाने त्याहून मऊ का असावे? मुद्द्यांना क्रमांक दिले होते.

‘साहेब, दम घ्या,’ तांबोळींनी लिहिले. ‘मी पण मागच्या मंगळवारी सुरुंग पेटवून गिऱ्हाइकाचं आधार कार्ड काढायला गेलो होतो. बाई एकट्याच उडाल्या.’

‘आपण परत आलात. हा परत येत नाही.’

‘येतो की. अर्ध्या तासानं येतो, माफी मागतो.’

‘अर्ध्या तासाने खंदकात पाणी भरलेले असते.’

बाईंनी लिहिले, ‘बिजली, तुझं काय म्हणणं आहे?’

‘तक्रार खरी आहे. दंड मान्य.’

‘कारण?’

‘सांगता येणार नाही, बाई.’

‘मंडळातून जावं लागलं तर चालेल?’

‘नाही चालणार. दिवसभरात माणसांत असणं ते एवढंच. पण कारण नाही सांगता येणार.’

तथापि नियमावलीत कळवळ्याचे कलम नव्हते. मी लिहिले, ‘कारण नाही तर माफीही नाही.’

बाईंनी बिजलीलाच विचारले, ‘त्या वेळी तुला कोणी हाक मारतं का?’

‘हो.’

‘मग आणखी एक मोहीम. परवा. दोर टिकला तर पुढचं बघू, सुटला तर सातवं कलम. अमात्य, चालेल ना? न्यायालयात होतात म्हणून विचारते. संधी देतात ना तिथं?’

‘देतात,’ मी लिहिले. खरे म्हणजे देतातच असे नाही. पण वाद तिथे थांबला.

मधल्या दिवशी हृषीकेशच्या मित्रांनी मला मोहोळकडे एका शेतावर हुरड्याला नेले. मोसमातला पहिलाच हुरडा. वाऱ्यात बसलो, लसणाची चटणी जरा जास्त खाल्ली, आणि परतलो तो घसा पुरता बसलेला.

मोहिमेच्या दिवशी आम्ही खंदक ओलांडला. तांबोळींनी माचीचे दार एका दणक्यात उडवले. ‘दुकान बंद ठेवलंय आज,’ त्यांनी कळवले. ‘शटर खाली.’ मग बिजली कडा चढू लागला. त्या दिवशी तो जपून चढत होता. एकेका खाचेत पाय रोवून मगच पुढे सरके. आम्ही तिघे दोराला धरून राहिलो आणि मी हात मागे घेतले.

सवयीने मी चहा सांगायला तोंड उघडले, पण आवाज निघाला नाही. पुन्हा प्रयत्न केला, नुसती हवा. तेव्हा टॅबलेट टेबलावर ठेवून मी उठलो आणि स्वयंपाकघराकडे निघालो.

दार अर्धे लोटलेले होते. शर्वरी ओट्यापाशी स्टुलावर बसली होती. गॅसवर चहाचे आधण तयार होते, आच अगदी बारीक. तेलाच्या बरणीला टेकवून तिने मोबाइल उभा केला होता आणि त्यावर तिचे दोन्ही अंगठे चालले होते. ओठ घट्ट मिटलेले. कपाळावर घाम. पडद्यावर कड्याची ती काळी धार मला ओळखू आली, आणि तिच्याखाली, दोराला लटकलेल्या तीन आकृतींपैकी सर्वांत वरची, पिवळ्या पागोट्याची, ती माझी होती.

दर थोड्या वेळाने ती मान किंचित वळवून दाराकडे कान देत होती. हाक येते का, ते पाहत होती.

मी एक पाऊल मागे घेतले. मग दुसरे. माझ्या खोलीत येऊन खुर्चीवर बसलो, आणि चपलेचा आवाज होईल म्हणून पायही हलवला नाही.

पहिली गाठ बसली. दुसरी बसली. तिसरीपाशी ती थबकली, कान देत असावी, आणि मग तीही बसली. दोर ताठ झाला. आम्ही तिघे वर चढलो आणि वेताळगडाचा बालेकिल्ला त्या महिन्यात प्रथमच आमच्या हाती आला. तांबोळींनी तोफांची इतकी चित्रे पाठवली की पडदा भरून गेला.

चहा न सांगताच आला.

“आज हाक नाही मारलीत, बाबा.”

मी घशाकडे बोट दाखवले.

“बसलाय? मग सकाळपासून सांगितलं का नाहीत?” ती आत गेली आणि कोमट पाण्यात हळद-मीठ घालून घेऊन आली. मी गुळण्या करीपर्यंत ती दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर गड घेतल्याची लाली होती, आणि मला काही कळले आहे हे तिला कळू नये म्हणून मी बेसिनमध्येच पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी उरलेली सुनावणी. मी सकाळपासून मजकूर जुळवीत होतो आणि खोडीत होतो. गप्प राहावे, तर माझा आरोप तिच्या नावावर तसाच राहतो. बोलावे, तर भीती होती की ती ओशाळेल आणि पुन्हा चावडीवर येणार नाही. मग घरातही ती नाही आणि तिथेही नाही. शेवटी मी एकच ओळ लिहिली, ‘तक्रार मागे घेत आहे.’

‘का?’ बाईंनी विचारले.

‘दोर टिकला म्हणून.’

‘ते काल झालं. आधीच्या तीन वेळांचं काय? नवव्या कलमात काय लिहिलंय, तांबोळी?’

‘मला काय विचारता, बाई? मी पाचवरच आहे.’

‘तक्रार मागे घेणाऱ्यानं कारण दिलं पाहिजे, असं लिहिलंय. अमात्यांचंच कलम आहे.’

स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता तो बंद झाला. ती वाचत होती.

मी लिहिले, ‘ज्याच्या हाकेमुळे दोर सुटत होता, तो इसम मंडळातच आहे.’



‘तो मी,’ मी लिहिले. ‘बिजली माझी सून आहे. मला हे काल समजले. तिला दंड होऊ नये, आणि मला हे समजले म्हणून तिने मंडळ सोडू नये, एवढीच विनंती आहे.’ त्या मजकुरात एकही क्रमांक नव्हता.

‘सुटलो एकदाचा,’ तांबोळींनी लिहिले. ‘बाई, आता बोलू का? पोटात दुखायला लागलंय माझ्या.’

‘बोला.’

‘साहेब, आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.’

मी ते दोनदा वाचले. मग बाईंचा मजकूर आला, ‘लातूरला मुलीकडे येण्याआधी मी बार्शीच्या शाळेत होते. शर्वरी माझी विद्यार्थिनी. तुम्हाला मंडळात तिनं आणलं. म्हणाली, बाई, सासरे दिवसभर गप्प बसून असतात, त्यांना लिहायला मिळालं तर बोलतील. आम्हाला शपथ घातली होती. आणि तुम्ही तिच्यावरच खटला भरलात. चार दिवस मी तो कसा लांबवला ते माझं मला माहीत.’

मागे चाहूल लागली. शर्वरी दारात उभी होती, मोबाइल हातात, पदराला चटणीचे डाग.

“तुला पहिल्यापासून ठाऊक होते?” मी विचारले. आवाज अजून फाटकाच होता.

“बाबा, मीच आणलं ना तुम्हाला. आणि आणलं नसतं तरी ‘सदर इसम’ असं अख्ख्या सोलापुरात दुसरं कोण लिहितं?”

“मग सांगितले का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही लिहायचं बंद केलं असतंत. माझ्याशी तुम्हाला विषय सापडत नव्हता.”

एक मुद्दा उरला होता, आणि उरलेला मुद्दा मला सोडवत नाही. “हाक मारली तेव्हा ‘थांबा जरा’ म्हणायचे. मी थांबलो असतो.”

“नसतात थांबला.” ती आत येऊन कॉटच्या कडेला बसली. या खोलीत ती बसलेली मी पहिल्यांदा पाहिली. “आई दवाखान्यात होत्या तेव्हा सांगून ठेवलं होतं त्यांनी मला. म्हणाल्या, ह्यांना दुसरी हाक मारता येत नाही. पहिलीला कुणी गेलं नाही, तर तसेच बसतात. उपाशी राहतील, पण पुन्हा मागायचे नाहीत. त्या गेल्यावर पहिल्या आठवड्यात तुम्ही एकदा पाणी मागितलं होतंत. मी गच्चीवर होते. संध्याकाळी बघते तर तांब्या रिकामा, तुम्ही तसेच. तेव्हापासून मी पहिलीच हाक धरते.”

“तीन माणसे खंदकात पडत होती.”

“ती उठत होती, बाबा.”



“मी तुझ्याविषयी तिथे लिहिले होते,” मी म्हणालो. “अबोल म्हणून.”

“आधी गुणी लिहिलं होतंत. तोंडावर म्हणाला असतात का कधी?”

“नसतो म्हणालो.”

“म्हणून फोटो काढून ठेवलाय त्या ओळीचा. माहेरी पाठवला.” ती हसली. मग हसू आवरून, खाली पाहत म्हणाली, “शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीचं लिहिलं होतंत ते मात्र कुणाला नाही दाखवलं. ह्यांनाही नाही.”

मी चष्मा काढून पुसू लागलो. तो स्वच्छच होता. टेबलावर टॅबलेट वाजू लागला.

“तांबोळीकाका आहेत,” तिने आपल्या मोबाइलवर पाहून सांगितले. “म्हणतायत, दोघं गेले कुठं? बाई, काय तो निकाल द्या, दारात गिऱ्हाईक उभं आहे.”

“बाई काय म्हणतात?”

“लिहितायत.” ती वाट पाहत राहिली. मी चष्मा लावला नाही. “आलं. वाचू?”

“वाच.”

ती खुर्चीजवळ सरकली आणि शाळेत प्रार्थना म्हणावी तशी सरळ बसून वाचू लागली.

“‘निकाल. तुम्हा दोघांच्या मध्ये एक भिंत आहे, आणि तिच्यापायी आम्ही दोघं महिनाभर दोराला लटकतोय. बिजली मंडळात राहील. अमात्यही राहतील. घरात बोलत जा.’”